मागच्या सीटचा पट्टा

‘व्होल्वो घेतली’ असं मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, जिथं माझं मशीन शॉप आहे, पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शेजारच्या शेडवाल्यांनी अगदी मनापासून विचारलं, ‘‘कुठल्या लाइनवर टाकणार? मुंबई का बेंगलोर?’’ त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडं व्होल्वो म्हणजे रात्रीची बस. २००१ पासून या बस भारतात धावायला लागल्या आणि नाव इतकं रुळलं, की दुसऱ्याच कंपनीच्या एसी बसचंही ‘व्होल्वोचं तिकीट’ काढलं जातं. त्या नावाची कार असते, आणि ती कार आणि ती बस १९९९ पासून दोन वेगळ्या कंपन्यांच्या आहेत, हे मलाही फार उशिरा कळलं.

ही गाडी मी हौसेनं घेतली नाही. आप्पांच्या खांद्यामुळं घेतली.

नोव्हेंबर २०१६. साताऱ्याहून लग्न उरकून परत येत होतो. किणी टोल नाका मागं पडला होता, दिवस नुकताच मावळला होता. मी गाडी चालवत होतो, बायको शेजारी, आप्पा मागच्या सीटवर मधोमध, दोन सीटच्या फटीतून पुढं वाकून बोलत बसलेले. अंबप फाट्याच्या अलीकडं एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ऊस घेऊन आडवा महामार्गावर शिरला. मागच्या ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. हंगामात या रस्त्यावर ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. समोर नुसता अंधार असतो, आणि मग एकदम कळतं की तो अंधार नाही, ऊस आहे.

मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. ट्रॉलीपासून चार-पाच हात अंतर ठेवून थांबली. आम्ही कशालाही धडकलो नाही, कुणी आम्हाला धडकलं नाही, गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. मी आणि बायको पट्ट्यात होतो, आम्हाला काही झालं नाही. आप्पा मात्र दोन सीटच्या मधून पुढं आले आणि उजव्या खांद्यावर आदळले. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

खांद्यात प्लेट बसली. आप्पांचा उजवा हात आता छातीपर्यंत वर जातो, त्याच्या पुढं नाही. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला टर्नर माणूस. ऑइल इंजिनच्या जमान्यापासून उद्यमनगरात काम केलेला. हात जाग्यावर राहिला नाही म्हणजे त्यांच्यासाठी काय, हे मी इथं लिहिणार नाही.

साताऱ्यातून निघताना मी त्यांना म्हटलं होतं, ‘‘आप्पा, पट्टा लावा.’’ ते म्हणाले, ‘‘मागं कशाला रं पट्टा? मी काय इमानात बसलोय?’’ आणि मी गप्प बसलो. आणखी एक गोष्ट आहे, ती मला नंतर गाडी धुताना कळली. आप्पांनी ऐकलं असतं तरी त्यांना पट्टा लावता आला नसता. गाडी घेतली तेव्हा सीट कव्हर घालणाऱ्यानं मागच्या सीटची तिन्ही बकलं कव्हरच्या आत दाबून टाकली होती. दिसायला नीट दिसतं म्हणून. अडीच वर्षं ती आत होती आणि आमच्यापैकी एकालाही ती कधी शोधावीशी वाटली नव्हती. मी ब्लेड आणलं आणि तिथंच कव्हर कापलं. बकलांच्या आत कव्हरच्या फोमचा भुगा भरलेला होता.

हॉस्पिटलातल्या रात्री मी मोबाइलवर पट्ट्याबद्दल वाचत बसायचो. तिथं मला निल्स बोलिन भेटला. स्वीडनचा इंजिनिअर. १९५८ साली व्होल्वोत आला, त्याआधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करायचा. म्हणजे आप्पा जे ‘इमान’ म्हणाले होते, नेमका तिथूनच हा पट्टा आला. बोलिनचा अनुभव असा होता, की वैमानिकाला कितीही पट्ट्यांनी बांधा, तो तक्रार करत नाही. साध्या माणसाला मात्र एक मिनिटाचीही अडचण सोसत नाही. त्यामुळं पट्टा एका हातानं, न बघता लावता आला पाहिजे.

त्यावेळी गाड्यांत पट्टे नव्हते असं नाही. पोटावरून जाणारा दोन टोकांचा पट्टा होता, काहींचं बकल तर बरोबर पोटावर यायचं. धडक जोरात बसली तर तोच पट्टा आतड्यांना इजा करायचा. बोलिननं एक पट्टी कमरेवर घेतली, एक छातीवरून तिरकी, आणि दोन्ही कमरेच्या बाजूला खाली एकाच ठिकाणी अडकवल्या. इंग्रजी व्ही अक्षराचं टोक खाली जमिनीकडं. भार येतो तो कमरेच्या हाडावर, बरगड्यांवर आणि खांद्याच्या हाडावर, म्हणजे शरीरात जिथं भार सोसायची ताकद आहे तिथं. आणि टोक खाली असल्यामुळं जोर आला तरी पट्टा वर सरकत नाही. मशीन शॉपमध्ये जॉब, म्हणजे कापायचा धातूचा तुकडा, क्लॅम्पनं घट्ट धरणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं. क्लॅम्प कुठं धरायचा ते चुकलं तर जॉब सुटतो किंवा वाकतो. बोलिननं माणूस बरोबर जागी क्लॅम्प केला.

१३ ऑगस्ट १९५९ ला क्रिस्तियानस्टाड नावाच्या गावात असा पट्टा बसवलेली पहिली व्होल्वो पोचती झाली. आणि मग कंपनीनं जे केलं ते वाचून मी हॉस्पिटलच्या बाकावर उठून बसलो. पेटंट त्यांच्या हातात होतं, पण ते त्यांनी सगळ्या कंपन्यांना मोकळं केलं. कुणीही वापरा, पैसे नकोत.

उद्यमनगरात तीस वर्षं काढलेल्या माणसाला याची किंमत कळते. आमच्याकडं पलीकडच्या शेडचा माणूस आला तर टेबलावरचं ड्रॉइंग उलटं करून ठेवतात. जॉब धरायचं फिक्स्चर झाकून ठेवतात. मीही ठेवतो. पोटाचा प्रश्न आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण एका कंपनीनं आपलं सगळ्यात मोलाचं ड्रॉइंग उघडं ठेवलं, आणि आज तुमच्या कुठल्याही गाडीत, मग ती चार लाखांची असो, तोच पट्टा आहे. आप्पांनी ज्या गाडीत तो लावला नाही, त्या गाडीतही तोच होता.

पुढं १९६७ मध्ये बोलिननं अठ्ठावीस हजार अपघातांचा अभ्यास मांडला. पट्टा न लावलेली माणसं कमी वेगाच्या अपघातांतसुद्धा दगावली होती. पट्टा लावलेल्यांपैकी ताशी ६० मैलांच्या, म्हणजे साधारण ९६ किलोमीटरच्या खाली एकही दगावलं नव्हतं.

या कंपनीचं नाव मुळात बेअरिंगचं आहे, हे मला कळलं तेव्हा तर ती आपल्याच गल्लीतली वाटायला लागली. मी हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, मशीन करतो. ट्रॅक्टरचे, ट्रेलरचे. बेअरिंग बसायची जागा मायक्रॉनमध्ये सांभाळावी लागते, भोक मोजायचं बोअर गेज हातातून सुटत नाही. एसकेएफ या स्वीडिश कंपनीचं बेअरिंग आमच्या कपाटात कायम असतं. ‘व्होल्वो’ हे नाव या एसकेएफनंच १९१५ मध्ये नोंदवून ठेवलं होतं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘मी फिरतो’, ‘मी गडगडत जातो’. पुढं एसकेएफमध्ये विक्रीचं काम पाहिलेला आसार गॅब्रिएलसन आणि गुस्ताव लार्सन हा इंजिनिअर अशा दोघांनी मिळून गाड्या बनवायचं ठरवलं, आणि पडून असलेलं ते नाव वापरलं. योटेबोर्ग शहरात १४ एप्रिल १९२७ ला पहिली गाडी कारखान्याबाहेर पडली. असं सांगतात, की गाडी बाहेर काढायच्या आधी पहिला गिअर टाकला तर ती मागं गेली, कारण मागच्या अ‍ॅक्सलमध्ये गिअर उलटा बसला होता. रात्रीत दुरुस्त करून सकाळी बाहेर काढली. असेंब्लीत काम केलेल्या कुणालाही ही गोष्ट परकी वाटणार नाही.

पण मला खरी पटलेली गोष्ट १९७० ची आहे. त्या वर्षी व्होल्वोनं अपघात तपासणारं एक पथक बनवलं. योटेबोर्गच्या आसपास व्होल्वोचा अपघात झाला की ही माणसं जागेवर जायची. गाडी किती दबली, स्टिअरिंग कुठं आलं, माणूस कुठं बसला होता, त्याला कुठं लागलं, सगळं मोजून लिहायचं. डॉक्टरांकडून जखमांची माहिती घ्यायची. आजवर चाळीस हजारांवर गाड्या आणि सत्तर हजारांवर माणसांची नोंद त्यांच्याकडं जमली आहे, आणि २०१९ मध्ये तो अभ्यासही त्यांनी सगळ्यांसाठी खुला केला.

याला आमच्याकडं रिजेक्शन अ‍ॅनालिसिस म्हणतात. पार्टीकडून माल परत आला की वाईट वाटतं, शिव्याही बसतात. पण चांगला माणूस तो जॉब भंगारात टाकत नाही. आधी कापतो. आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, आहे का वाळू, साच्यातला कोअर सरकला का मेटल थंड पडलं, ते डोळ्यानं बघतो आणि ओतकाम करणाऱ्या फाउंड्रीला दाखवतो. मी अशी माणसं पाहिली आहेत जी रिजेक्शन रातोरात वितळवून टाकतात, म्हणजे कुणाला दिसायला नको. आणि अशीही पाहिली आहेत जी ते कपाटात तारीख टाकून ठेवतात. व्होल्वो ही कपाटात ठेवणाऱ्यांतली. त्यांच्या कितीतरी गोष्टी त्या कपाटातून आल्या. बाजूनं बसणाऱ्या धडकेसाठी १९९१ मध्ये गाडीच्या बाजूच बदलल्या, १९९४ मध्ये बाजूची एअरबॅग, १९९८ मध्ये खिडकीवर उतरणारी पडद्यासारखी एअरबॅग. आणि त्याच वर्षी मान वाचवणारी सीट, जिचा अनुभव आम्ही घेतला. ते पुढं सांगतो.

नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती. २०१८ च्या दिवाळीत पुण्यातल्या एका डॉक्टरांची २०१४ ची एक्ससी-६० साडेअठरा लाखांना घेतली. ६१ हजार किलोमीटर झालेली. पाच सिलिंडरचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन, त्याचा आवाज चार सिलिंडरसारखा नाही, थोडा जाड, थोडा लयीत. आप्पांना तो पहिल्या दिवशीच आवडला. बॉनेट उघडून नुसते ऐकत उभे राहिले.

मग मागचं दार उघडून त्यांनी पट्टा ओढला. डाव्या हातानं. पट्टीची शिलाई अंगठ्यानं दाबून पाहिली. हळू ओढला की येतो, झटका दिला की जागच्या जागी अडकतो, हे पाच-सहा वेळा करून पाहिलं. बकल लावलं, काढलं, परत लावलं, कानाजवळ खाली वाकून आवाज ऐकला. ‘‘आत पॉल आहे व्हय रं?’’ म्हणाले. रॅचेट आणि पॉल, म्हणजे दातेरी चाक आणि त्यात अडकणारी खिटी, आम्ही विंचमध्ये वापरतो तेच तत्त्व. मी म्हटलं तसंच काहीतरी आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून मागं डावीकडची सीट आप्पांची, कारण तिथं पट्टा डाव्या खांद्यावरून येतो आणि डाव्या हातानं ओढता येतो. उजव्या बाजूला बसले तर त्यांना तो घेता येत नाही.

सात वर्षांत गाडी १ लाख ३८ हजारांवर आली आहे. खर्चाचं खरं सांगतो, कारण दर महिन्याला कुणीतरी ‘मी पण जुनी व्होल्वो घेऊ का’ म्हणून विचारतं. सर्व्हिसला पुण्याला न्यावी लागते, एक दिवस जातो. वर्षाला पस्तीस-चाळीस हजार धरून चालायचं. २३५/६० आर १८ चे टायर, चारी बदलले त्या महिन्यात मी दुसरं काही घेतलं नाही. हायवेला लिटरला तेरा, शहरात नऊ. गंगावेशीत किंवा महाद्वार रोडला ही गाडी घेऊन जाऊ नये, वळायला जागा नाही. एकदा कागलजवळ डंपरमधून उडालेल्या खड्यानं पुढची काच तडकली. साध्या गाडीला तासाभराचं काम. हिच्या काचेला आरशाच्या मागं लेसरचा सेन्सर आहे, तो नीट बसला पाहिजे, म्हणून मी इथं कुठंही काच बदलली नाही. ती तशी बदलून मिळेपर्यंत दोन आठवडे गाडी दारात उभी राहिली.

तो सेन्सर म्हणजे सिटी सेफ्टी. समोरची गाडी थांबली आणि आपण थांबलो नाही तर गाडी स्वतः ब्रेक मारते. २००८ मध्ये या एक्ससी-६० मॉडेलबरोबरच ते पहिल्यांदा आलं. आमच्या गाडीत ते ताशी ५० किलोमीटरपर्यंतच काम करतं, आणि पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की ही मदत आहे, जबाबदारी चालवणाऱ्याची. ते खरंच तसं समजायचं. हंगामात रात्री गारगोटी रोडला मी चाळीसच्या वर जात नाही. लेसर असो नाहीतर आणखी काही, बिनदिव्याच्या ट्रॉलीपुढं मी कशावरही भरवसा ठेवणार नाही.

मानेच्या सीटचं सांगायचं राहिलं. २०२० च्या जानेवारीत तावडे हॉटेलजवळ आम्ही थांबलो होतो, मागून भाजीचा टेम्पो आला आणि धडकला. चांगला जोरात. मागचा बंपर आणि डिकीचं दार आत गेलं. टोमॅटो रस्ताभर. अशा धडकेत माणसाचं धड पुढं ढकललं जातं आणि डोकं मागं राहतं, मान चाबकासारखी हिसकली जाते. या सीटची पाठ धडकेच्या वेळी माणसाला घेऊन थोडी मागं सरकते, मग कलते, आणि डोकं आधीच हेडरेस्टला टेकलेलं असतं. बायकोला नुसतं एवढंच जाणवलं, की सीटनं आपल्याला धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मान दुखेल म्हणून वाट बघत होतो. दुखली नाही, दोघांचीही. आप्पा मागं पट्ट्यात होते. त्यांनी आधी बकल सोडलं, मग खाली उतरून टेम्पोवाल्या पोराला पाणी दिलं. पोरगं थरथरत होतं.

महापुराचं थोडक्यात सांगतो. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळेला पंचगंगा वाढायला लागली आणि राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी, ३९ फूट, ओलांडली की मी गाडी राजारामपुरीत मेव्हण्याच्या पार्किंगला नेऊन ठेवली. ४३ फुटांची, धोका पातळीची वाट बघायची नाही. या गाडीत पाणी शिरलं तर तिथं गाडी संपली. शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी, त्यामुळं दोन्ही वेळेला कुठं जायचा प्रश्नच नव्हता.

लोक म्हणतात, ‘‘आता ती चायनाची झाली की.’’ झाली. १९९९ ला फोर्डनं घेतली, २०१० ला चीनच्या जीलीनं. मालक बदलले. पण अपघात बघायला जाणारं ते पथक चालू राहिलं, आणि २०२० पासून त्यांनी आपल्या सगळ्या नव्या गाड्यांचा वेग ताशी १८० वर बांधून टाकला, ज्याचा विक्रीला तोटाच होण्याचा संभव जास्त. शेडचा मालक बदलला आणि तपासणीवाला तोच राहिला, तर माल तसाच निघतो, हे मी बघितलेलं आहे.

लेक आता नऊ वर्षांची आहे आणि तिच्याखाली अजून बूस्टरची उशी आहे. वर्गातल्या मैत्रिणी हसतात म्हणून ती कुरकुरते. मी तिला उशीशिवाय बसवून आरशात दाखवलं. पट्टा गळ्यावर येतो आणि खालची पट्टी मऊ पोटावर. उशी घातली की खालची पट्टी कमरेच्या हाडावर येते. उशीचं काम तेवढंच, आणि तेवढ्यासाठीच व्होल्वोनं ती १९७८ मध्ये काढली. माझ्या ओळखीतली चांगली शिकलेली माणसं लेकराला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन रंकाळ्याला चक्कर मारतात. ब्रेक लागला तर ते लेकरू तुमची एअरबॅग होतं. मी हे तोंडावर सांगतो, आणि दोन घरांशी त्यामुळं बोलणं कमी झालंय. चालेल मला.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. त्या आठवड्यात मला आठ-दहा फोन आले, ‘तू म्हणत होतास ते खरं की’ म्हणून. त्यातल्या किती जणांनी कव्हर कापून बकलं बाहेर काढली, मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात चुलतभावाच्या पोरानं नवी गाडी घेतली. सहा एअरबॅगांची, चांगली गाडी. पेढे घेऊन आला आणि आप्पांना म्हणाला, चला, जोतिबाला जाऊन येऊ. आप्पा मागचं दार उघडून डाव्या बाजूला बसले. डाव्या हातानं पट्टा ओढून घेतला आणि उजव्या हातानं कमरेजवळ चाचपायला लागले. नवं कोरं, लाल शिलाईचं सीट कव्हर. पोरगं मागं वळून म्हणालं, ‘‘काय हरवलं का आप्पा?’’

‘‘बकल.’’

‘‘असंल की खाली. ऱ्हाऊ दे आता, हितंच तर जायचंय.’’

आप्पा पट्टा सोडून खाली उतरले आणि दार धरून उभे राहिले. पोरानं दोनदा माझ्याकडं बघितलं. मी आत जाऊन ब्लेड आणलं.